जादू खरी असलेल्या जगात धर्म जादूगारांशी कसा वागेल?

प्रश्न असा: एका कल्पित राज्याची रचना चालली आहे. तिथे जादू खरी आहे, काही माणसं ती घेऊनच जन्माला येतात, आणि राज्यभर एकच जुना, संघटित धर्म आहे. कथेत हा धर्म जादूगारांना शोधून जाळतो. वाचकाला हे पटेल का? पटावं म्हणून काय करावं लागेल?

एवढ्यावर पटणार नाही. 'जादू पाप आहे, म्हणून जादूगाराला जाळा' इतक्या सरळ नियमावर कुठलीच धर्मसंस्था फार काळ चाललेली नाही. जादू समोर आली की धर्मसंस्थेला तीन प्रश्न पडतात: ही शक्ती येते कुठून, ती वापरायची मुभा कोणी दिली, आणि मूल तापाने फणफणलं की गावकरी आधी कोणाच्या दारात जातात? उत्तरं धर्माच्या सोयीची असतील तर तीच कृती पूजा ठरते, नसतील तर गुन्हा. रचनेत हे एकदा पक्कं केलं की बाकीचे बारकावे त्यातून निघत जातात.

इतिहासात याचे स्पष्ट दाखले आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचारकर्माला, म्हणजे दुसऱ्याला अपाय करणाऱ्या जादूटोण्याला, दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. अकराव्या अध्यायात ब्राह्मणाला मात्र शत्रूवर अथर्ववेदातले (अथर्वांगिरस) मंत्र बेधडक वापरायला सांगितलं आहे, कारण वाणी हेच त्याचं शस्त्र. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा फरक लागोपाठच्या दोन अध्यायांत दिसतो. चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे की दैवी आपत्तींवर उपाय करणारे, मायायोग जाणणारे सिद्ध तापस राजाने मानाने आपल्या राज्यात ठेवावेत. पुढच्याच अध्यायात वशीकरणाचा धंदा करणाऱ्याला पकडायची युक्ती दिली आहे: हेराने त्याच्याकडे जाऊन सांगायचं की अमक्याच्या बायकोवर माझं मन जडलं आहे, तिला माझ्याकडे वळव, हे घे पैसे. तो तयार झाला की हद्दपार. रोममध्ये सम्राट ऑगस्टस इ.स.पू. १२ मध्ये मुख्य धर्माधिकारी झाला आणि त्याने लोकांकडचे दोन हजारांहून जास्त भविष्यग्रंथ गोळा करून जाळले. सिबिल या भविष्यवादिनीचे ग्रंथ तेवढे राखले, तेही निवडून, आणि अपोलोच्या मूर्तीच्या पायथ्याशी सोनेरी पेट्यांत बंद करून ठेवले. भविष्य सांगणं थांबवणं हा त्याचा हेतू नव्हताच. ते फक्त सत्तेच्या कुलपात हवं होतं.

तेव्हा तुमच्या धर्माबद्दल ठरवायची पहिली गोष्ट ही: त्याच्या स्वतःच्या गाभाऱ्यात कोणती जादू चालते? 'कुठलीच नाही' असं उत्तर असेल तर त्यालाही कारण लागेल. जादू खरी असलेल्या जगात देवळांत काहीच घडत नसेल आणि रस्त्यावरच्या माणसाच्या हातून रोज घडत असेल, तर लोक देवळात का जातात हे आधी सांगावं लागेल.

आधी आकडे मांडा

बहुतेक रचना इथेच फसतात, आणि त्या सावरायला अर्ध्या तासाचं गणित पुरतं. समजा राज्याची लोकसंख्या २० लाख आहे. यंत्रपूर्व शेतीप्रधान समाजात हजारी ४० जन्म धरायला हरकत नाही, म्हणजे वर्षाला ८०,००० मुलं. त्यातली अर्धी वयात येईपर्यंत जगतात असं धरलं तर ४०,००० उरतात. जादूगार वयात आल्यावर सरासरी २५ वर्षं काम करतो असं माना.

दहा हजारांत एक जण जादू घेऊन येत असेल, तर दरवर्षी चार नवे जादूगार तयार होतात आणि राज्यात एका वेळी साधारण १०० असतात. इतके लोक धर्मसंस्थेला नावानिशी माहीत असणार. ती त्यांना एका मठात ठेवू शकते, सगळ्यांना पुजारी करू शकते, किंवा ठरवलं तर सगळ्यांना संपवू शकते. हजारांत एक असेल, तर दरवर्षी ४० नवे आणि एकूण १,०००. चारशे वस्तीची एकूण पाच हजार गावं धरली तर पाच गावांत मिळून एक. आता वही लागते, तपासनीस लागतात, परवाना लागतो. शंभरात एक असेल, तर एकूण १०,०००, म्हणजे गावागणिक दोन. इथे जादूगार हा सुतार-लोहारांसारखा बलुतेदारच होतो. पाचशे माणसांमागे एक पुजारी धरला तर पुजारी ४,००० आणि जादूगार त्यांच्या अडीचपट. या जगात सरसकट जाळपोळ लिहिली तर वाचक विचारेल की जाळणार कोण, आणि पुढच्या पेरणीला पाऊस कोण आणणार?

जादू वंशपरंपरेने येते का, हेही याच वेळी ठरवा. ती आईबापांकडून येत असेल आणि धर्म दर पिढीत पाचातल्या चौघांना मूल होण्याआधी मारत असेल, तर १,००० चे २००, मग ४०, मग ८. तीन पिढ्यांत कथा संपली. 'पाचशे वर्षांपासून छळ चालू आहे' असं लिहिलेल्या कित्येक रचना या हिशोबात टिकत नाहीत. त्यातून बाहेर पडायच्या वाटा तीन: जादू कुठल्याही घरात अचानक उगवते, किंवा पकडले जाणारे थोडे आणि लपणारे फार, किंवा छळ सलग नसतो, दोन-तीन पिढ्यांनी एकदा उसळतो आणि ओसरतो. इतिहासाशी सर्वांत जवळची वाट तिसरी.

बळाचं गणितही इथेच. एक जादूगार दहा शिपायांना भारी आहे की हजारांना? हजारांना भारी असेल तर त्याला पकडायला येणारी धर्मसंस्था कशाच्या जोरावर येते? तिच्याकडे तोड हवी: जादू न चालणारी पवित्र जागा, जादूगाराला बधिर करणारं औषध, किंवा धर्माच्या बाजूने लढणारे दुसरे जादूगार. तिसरा पर्याय मला सर्वांत कसदार वाटतो. आपल्याच जातकुळीच्या माणसांना धरून आणणारा धर्मनिष्ठ जादूगार आला की कथेत आपोआप ताण येतो. तोड नसेल, तर प्रामाणिक निष्कर्ष एवढाच की जादूगारच राज्य करतील आणि धर्म त्यांचाच असेल.

शक्ती असणं, दाखवणं आणि तिचा दावा करणं

'धर्म जादूला विरोध करतो' हे वाक्य फार ढोबळ आहे. नेमक्या कशाला विरोध करतो ते ठरवायचं तर बौद्ध विनयाइतका, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीइतका, चांगला नमुना सापडणार नाही. विनयाला ऋद्धी, म्हणजे अलौकिक शक्ती, खऱ्या आहेत हे मान्य आहे. साधना करता करता भिक्षूला त्या मिळू शकतात, आणि मिळणं हा दोष नाही. राजगृहातल्या एका श्रेष्ठीने चंदनाचं पात्र उंच बांबूवर टांगलं आणि जो खरा अर्हत, म्हणजे मुक्त झालेला साधू, असेल त्याने ते काढून न्यावं असं सांगितलं. पिंडोल भारद्वाज हवेतून गेला आणि पात्र घेऊन आला. बुद्धाने त्याची कानउघाडणी केली, पात्र फोडायला लावलं आणि गृहस्थांसमोर ऋद्धी दाखवायची नाही असा नियम घातला. तो मोडला तर दोष आहे, पण हलक्या प्रतीचा. याउलट, शक्ती नसताना ती आहे असं जाणूनबुजून सांगणं हा पाराजिक, म्हणजे सर्वांत गंभीर अपराध. पाराजिक चारच आहेत आणि त्यांची शिक्षा म्हणजे संघातून कायमची हकालपट्टी.

शिक्षांच्या या उतरंडीवरून संघाला कशाची भीती होती ते कळतं. संघ भिक्षेवर जगतो. खोटा दावा करून भिक्षा मिळवणाऱ्याने सगळ्या संघाचा विश्वासच बुडतो. शक्ती दाखवून पात्र मिळवणाऱ्याने संघाचा तमाशा होतो. गुपचूप शक्ती बाळगणाऱ्याने कोणाचंच बिघडत नाही. तुमच्या धर्माचा उत्पन्नाचा मार्ग आधी ठरवा, आणि मग त्या मार्गाला सर्वांत जास्त धक्का देणाऱ्या कृतीला सर्वांत कडक शिक्षा द्या. धर्म जमिनीच्या खंडावर जगत असेल तर पीक वाढवणारी किंवा बुडवणारी जादू हा मोठा गुन्हा होईल. अंत्यविधीच्या दक्षिणेवर जगत असेल तर मेलेल्यांशी बोलणारा माणूस त्याला परवडणार नाही. तीर्थयात्रेवर जगत असेल तर घरबसल्या बरं करणारी बाई हा मोठा शत्रू.

सिद्धीला पायरी ठरवून मागे टाकणं ही आणखी एक वाट, आणि मराठी वाचकाच्या ती चांगल्या ओळखीची आहे. योगसूत्रांत सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटलं आहे. आपल्याकडच्या परंपरेत चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन येतो. ज्ञानेश्वर बसल्या जागेवरून भिंत चालवतात, आणि शेवटी चांगदेव लहानग्या मुक्ताबाईला गुरू करतो. यात चांगदेवाची शक्ती कोणी खोटी म्हणत नाही, त्याला कोणी जाळतही नाही. त्याची शक्ती ज्ञानापुढे कमी ठरते आणि तो स्वतः ते मान्य करतो. नव्या जगात ही वाट वापरायची तर धर्माकडे जादूपेक्षा मोठं असं काहीतरी हवं आणि ते जादूगारालाही हवंसं वाटलं पाहिजे. नुसतं 'आमचा देव मोठा' म्हटल्याने कोणताही चांगदेव वाघावरून उतरणार नाही.

आणखी एक वाट नाकारण्याची: जादू नसतेच असं म्हणणं. साधारण ९०६ साली प्र्यूमच्या रेजिनो या मठवासी लेखकाने संकलित केलेल्या चर्चच्या नियमांत असं कलम आहे की डायना देवीसोबत रात्री प्राण्यांवर बसून हिंडतो असं मानणाऱ्या बायका भ्रमात आहेत. हे स्वप्नात घडतं, प्रत्यक्षात नाही, आणि खरं मानणं हाच श्रद्धेला बाध. पुढे काही शतकांनी त्याच चर्चमधले लोक उलट बोलू लागले. तुमच्या जगात जादू खरी असल्यामुळे ही वाट टिकवणं अवघड आहे, पण धर्माच्या इतिहासातला जुना थर म्हणून ती फार उपयोगी पडते. जुनी पोथी म्हणते असं काही नसतंच, नवा अधिकारी म्हणतो डोळ्यांनी पाहिलं. दोन पिढ्यांच्या पंडितांत वाद लावून देणारा हा मुद्दा आहे.

कोणती जादू सिद्धांतालाच छेद देते?

जादूचे सगळे प्रकार धर्माला सारखे खुपत नाहीत. दिवा न लावता उजेड पाडणाऱ्याकडे कोणी फिरकून बघणार नाही. चार प्रकार मात्र जवळपास कुठल्याही धर्माच्या मुळाशी जातात, आणि त्यांच्याबद्दल धर्माचं मत आधी लिहून ठेवावं.

मेलेल्याला उठवणं. मृत्यूनंतर जीव न्यायासाठी जातो, किंवा दुसरा जन्म घेतो, असं धर्म शिकवत असेल, तर परत आलेला माणूस कुठून आला? त्याने तिथे काय पाहिलं? ते धर्माने सांगितल्याप्रमाणे निघालं नाही तर? उठवणाऱ्याआधी उठलेल्यालाच गप्प करायची धर्माला घाई असेल. मालमत्तेचे वाद निराळेच: वारसांनी वाटणी करून घेतली, विधवेने दुसरं लग्न केलं, आणि मेलेला दारात उभा.

भविष्य सांगणं. सगळं आधीच ठरलेलं असेल तर पाप-पुण्याचा हिशोब कसा लागतो, हा पंडितांचा प्रश्न. राजाला भिडणारा प्रश्न साधा आहे: राजा कधी मरणार हे ज्याला कळतं, तो गादीसाठी कट करू शकतो. इ.स. ११ मध्ये ऑगस्टसने मृत्यूविषयी भविष्य विचारण्यावर बंदी घातली ती यासाठीच. हा गुन्हा धर्म आणि राज्य दोघांच्या हद्दीत येतो, आणि खटला कोणी चालवायचा यावरून त्यांची जुंपते.

मन फिरवणं. माझ्या मनावर दुसऱ्याचा ताबा असताना मी केलेलं पाप कोणाचं? प्रायश्चित्तावर उभ्या असलेल्या धर्माला याचं उत्तर द्यावंच लागतं, कारण पहिल्याच वर्षी प्रत्येक चोर आणि प्रत्येक व्यभिचारी 'माझ्यावर कोणीतरी करणी केली' असं सांगत येईल. युरोपातल्या पंडितांनी यावर तोडगा काढला होता: सैतान मोह घालू शकतो, इच्छेवर जबरदस्ती करू शकत नाही. तुमच्या जगात जबरदस्ती खरोखर शक्य असेल तर हा तोडगा चालणार नाही. दुसरा शोधावा लागेल, उदाहरणार्थ तीन दिवसांच्या आत कबुली देणाऱ्यालाच ही सबब लागू.

रूप बदलणं. सोवळंओवळं, जात, लिंग, वारसा यांवर बेतलेल्या समाजात हे स्फोटक आहे. गाभाऱ्यात कोणी यायचं हे ठरवणाऱ्या धर्माला, आलेला माणूस कोण हे ओळखता येत नसेल, तर दारातच कसोटी लागणार. ती कसोटी काय, ती घेतो कोण, आणि पैसे देऊन चुकवता येते का, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

संस्था एकजीव नसते

पंडित, प्रांताधिकारी, गावचा पुजारी आणि फिरता तपासनीस यांचं जादूबद्दल एकच मत असेल तर तो धर्म कागदी वाटतो. पंधराव्या शतकातला जर्मन तपासनीस हाइनरिश क्रामर याचं उदाहरण घ्या. १४८४ मध्ये त्याने थेट पोपकडून चेटक्यांविरुद्धचं फर्मान मिळवलं. ते घेऊन १४८५ मध्ये तो इन्सब्रुकला खटले चालवायला गेला, आणि तिथल्या बिशप गोल्सरने त्याचं कामकाज बंद पाडून त्याला निघून जायला सांगितलं. क्रामरने पुढच्याच वर्षी चेटक्यांना शोधून शिक्षा कशी करावी यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि छपाईमुळे तो सगळीकडे पोचला. सर्वोच्च गुरूचं फर्मान हातात असूनही स्थानिक अधिकारी दाद देत नाही, आणि अपमानित तपासनीस पुस्तक लिहून सूड उगवतो. अशी एक जोडी तुमच्या धर्मात असली की तो जिवंत होतो.

इथे एक समज बदलायला हवा. मजबूत, केंद्रीय धर्मसंस्था म्हणजे जास्त बळी, असं बहुतेक लेखक गृहीत धरतात. युरोपात अनेक ठिकाणी उलटं घडलं. साधारण १४५० ते १७५० या काळात चेटक्या म्हणून ४० ते ५० हजार माणसं मारली गेली असा अंदाज आहे. त्यातला मोठा वाटा जर्मन भाषक प्रदेशातल्या छोट्या छोट्या संस्थानांचा. तिथे तक्रारदार, तपासनीस आणि न्यायाधीश एकाच गल्लीतले. बांबर्ग आणि व्युर्त्सबर्गला तर बिशपच राजा होता, आणि १६२६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत तिथे शेकड्यांनी माणसं जाळली. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने १६२४ मध्ये अशा शिक्षा आपोआप अपिलात याव्यात असा नियम केला, आणि तिथे बऱ्याच शिक्षा रद्द झाल्या किंवा कमी झाल्या.

स्पेनच्या इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या कॅथलिक न्यायसंस्थेचं, नाव ऐकलं की जळत्या चिता डोळ्यांसमोर येतात. १६१० मध्ये तिथल्या लोग्रोन्यो शहरात चेटकाच्या आरोपाखाली सहा जणांना खरोखर जाळलं आणि पाच जणांच्या, जे आधीच मेले होते त्यांच्या, प्रतिमा जाळल्या. पण त्याच न्यायाधीशांपैकी एक, आलोन्सो दे सालाझार, नंतर गावोगाव फिरला, अठराशेहून जास्त लोकांचे कबुलीजबाब तपासले, त्यांनी आणून दिलेली मलमं जनावरांवर लावून पाहिली, आणि कळवलं की पुरावा काही नाही; लोक याबद्दल बोलू-लिहू लागेपर्यंत तिथे चेटक्याही नव्हत्या आणि चेटूक झालेलेही नव्हते. १६१४ मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या म्हणण्यानुसार पुराव्याचे नियम कडक केले आणि तिथले चेटकाचे मोठे खटले जवळपास थांबले. अशा संस्था दुसऱ्या बाबतीत निष्ठुर राहिल्या, हेही विसरू नका. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं वगळता, पोर्तुगालचं इन्क्विझिशन चाललं, आणि त्याचा रोख मुख्यतः बाटलेल्यांच्या घरात उरलेल्या जुन्या रीतींवर होता. १७३६ च्या फर्मानात तुळस लावण्यापासून मिठाशिवाय भात शिजवण्यापर्यंत गोष्टींना मनाई आहे. धर्माची पाळत खरी वाटायला हवी असेल तर ती अशी चुलीपर्यंत न्या. जादूगाराच्या घरात काय शिजतं, दाराला कोणती पानं बांधली आहेत, हे शेजारीण सांगते.

पुरावा आणि शिक्षा

ज्या जगात जादू नाही तिथे जादूचा खटला कबुलीवर चालतो, आणि कबुली छळाने मिळते. १५३२ च्या कारोलिना या जर्मन साम्राज्याच्या फौजदारी कायद्यात शिक्षेसाठी कबुली किंवा दोन प्रत्यक्ष साक्षीदार लागत. चेटकाला साक्षीदार कुठून मिळणार? म्हणून हातपाय पिरगाळायचे. तुमच्या जगात जादू डोळ्यांना दिसत असेल तर हे सगळं यंत्र जसंच्या तसं उचलून चालणार नाही. जळतं कोठार सगळ्यांनी पाहिलं आहे. वाद एवढाच की पेटवलं कोणी, जाणूनबुजून की हातून सुटलं. जादूचा काही माग राहतो का? माग वाचणारा माणूस कोण, आणि तोही जादूगारच असेल तर त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये १९ जणांना फाशी दिलं, एकाला दगडांखाली चिरडून मारलं, आणि त्यातला बराच पुरावा 'हिचा आकार मला छळत होता' असा होता. इन्क्रीज मॅदर या धर्मोपदेशकाने त्याच वर्षी हरकत घेतली की सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, तेव्हा एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. लक्षात घ्या, त्याने जादू नाकारली नाही. जादू मान्य करूनच पुरावा मोडून काढला. तुमच्या जगातल्या बचावाच्या वकिलाला हीच रीत शोभेल.

शिक्षेला पायऱ्या हव्यात. कारोलिनात अपाय करणाऱ्या जादूला आगीची शिक्षा आहे, पण अपाय झालेला नसेल तर प्रसंग पाहून. इंग्लंडच्या १५६३ च्या कायद्यात जादूने माणूस मेला तर मृत्युदंड. इजा झाली तर पहिल्या वेळी एक वर्ष कैद आणि दर तिमाहीला बाजारात खोड्यात उभं करणं, दुसऱ्या वेळी मृत्युदंड. राज्यातल्या जादूगारांचा धर्मालाही उपयोग असेल तर पहिली शिक्षा बहुधा सेवा हीच असेल: दंड, मग सात वर्षं मठात चाकरी, मग बोट किंवा जीभ छाटणं, आणि जीव घेणं सर्वांत शेवटी. हजारांत एक मिळणारं माणूस कोणतीही शहाणी संस्था उगाच जाळत नाही. नियम कडक आणि अंमल सैल, असंच सहसा असतं. फरक पैशाने, नात्याने आणि प्रांताने पडतो. चीनमध्ये भिक्षू होण्यासाठी सरकारी दाखला लागे, आणि सोंग राजवटीत खजिना कमी पडला की सरकार असे दाखले विकत असे. तुमच्या धर्माने जादूचे परवाने काढले तर कोऱ्या परवान्यांचा बाजार दहा वर्षांत उभा राहील.

आरोप कोणावर येतो, तेही तिथल्या कामाच्या वाटणीवरून ठरतं. युरोपात बळींपैकी साधारण तीन चतुर्थांश बायका होत्या. आइसलंडमध्ये मात्र जवळपास सगळे पुरुष, कारण तिथे जादू म्हणजे कोरीव चिन्हं आणि लिहिलेल्या वह्या, आणि ते काम पुरुषांचं मानलं जाई. तुमच्या राज्यात जादू दुधा-लोण्याशी जोडलेली आहे, पोथीशी, की लोखंडाशी, हे ठरलं की संशयितही ठरतात.

छळ कधी उसळतो?

जादू नेहमीच होती, मग आत्ताच का? हे कारण ठोस हवं. १६२६ च्या मेअखेर फ्रँकोनियात, म्हणजे बांबर्ग-व्युर्त्सबर्गच्या मुलखात, कडाक्याची थंडी पडून द्राक्षमळे गारठले, आणि बांबर्ग-व्युर्त्सबर्गचे खटले त्यानंतर पेटले. वर तीस वर्षांचं युद्ध चालू होतंच. पीक बुडणं, साथ, गादीचा वाद, नव्या पंथाची स्पर्धा: यांपैकी निदान दोन एकत्र आणा. एकच कारण ठेवलं की ते योजल्यासारखं दिसतं. आणि मागणी खालून येते हे विसरू नका. अधिकारी आळसावलेले असतात. मेलेल्या गाईचा मालकच अर्ज घेऊन त्यांच्या दारात बसतो.

त्याच मालकाचं मूल आजारी पडलं की तोच रात्री जादूगाराकडे जातो. बायबलमधल्या शौल राजाने भूतविद्या करणाऱ्यांना देशाबाहेर घालवलं आणि लढाईच्या आदल्या रात्री वेष पालटून एन्दोरच्या बाईकडे तो स्वतःच गेला. बंदी घालणाऱ्या धर्माला म्हणूनच पर्याय द्यावा लागतो: अंगारा, तीर्थ, गंडा, पवित्र अवशेष, मंतरलेलं पाणी. हे पर्याय जादूइतके गुणकारी नसतील, तर गावचा पुजारी दोन्हीकडे हात ठेवून असेल. सकाळी प्रवचनात जादूगाराला शिव्या आणि संध्याकाळी स्वतःच्या नातवाला त्याच्याकडे पाठवणं. त्याला ढोंगी म्हणून रंगवू नका. त्याचा धर्मावर विश्वास आहे आणि नातवावर जीव आहे.

जादूगारही धर्माबाहेरचा माणूस असायची गरज नाही. इंग्लंडमधले गावठी जाणते बायबलमधली स्तोत्रंच मंत्र म्हणून म्हणत. आपल्याकडचा देवऋषी देवाचं नाव घेतल्याशिवाय कौल लावत नाही. त्याला आपण धर्माचंच काम करतो आहोत असं मनापासून वाटतं, आणि पकडून नेलं तेव्हा त्याला बसणारा धक्का या समजुतीतून येतो. देव न मानणारा, धर्माची टर उडवणारा जादूगार आजच्या लेखकाच्या डोक्यातून आलेला असतो. त्या जगात तो असेलच तर हजारांत एखादा.

रचना कथेत उतरवण्याआधी तीन कागद लिहून काढा, प्रत्येकी एका पानाचे. पहिला, गावच्या पुजाऱ्याचं प्रांताधिकाऱ्याला पत्र: आमच्याकडे एक मुलगी आहे, तिचा हात लागला की ताप उतरतो, लोक तिला नैवेद्य दाखवू लागले आहेत, काय करू? दुसरा, अधिकाऱ्याचं उत्तर, ज्यात नियमाचं कलम, तपासणीची रीत, खर्च कोणी सोसायचा आणि मुलगी परवान्याला योग्य ठरली तर तिच्या बापाला काय द्यायचं हे असेल. तिसरा, परवाना घेताना ती मुलगी म्हणेल ती शपथ. तिसऱ्या कागदात ती काय करणार नाही याची यादी किमान पाच कलमांची हवी, आणि त्यातलं एक कलम असं हवं की ते कशासाठी घातलं गेलं हे आता मठातही कोणाला आठवत नाही.